हाती घेतलेल्या गोधड्या

नमस्कार श्रोतेहो.

होळी होऊन गेली, उन्हं तापायला लागली. चैत्र-वैशाख म्हणजे गोधड्यांचे दिवस. गावाकडे सुगी उरकलेली असते, पावसाला अवकाश असतो, अंगण कोरडं खडखडीत असतं आणि दुपारी बायकांना घटकाभर बसायला मिळतं. पण आज मी नव्या गोधडीबद्दल बोलणार नाही. पेटीत, माळ्यावर, दिवाणाच्या खणात अर्ध्यावर थांबलेल्या ज्या गोधड्या आहेत, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. त्या पुऱ्या कशा करायच्या, हा माझ्या मनातला प्रश्न आहे. गोधडी शिवणाऱ्या बहुतेक घरांत तो असतो, असा माझा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट सांगते. एकीपेक्षा जास्त गोधड्या हातात असणं यात काही वावगं नाही. कापड आपल्या सोयीनं येत नाही. आजीचं लुगडं विरतं तेव्हा विरतं. घरात कुणी बाळंतपणाला येणार असेल, तर दुपट्यांची तयारी त्याच महिन्यांत करावी लागते. मुलाचे जुने सदरे, धोतरं, पडदे, ब्लाउजपिसांचे तुकडे साठत जातात आणि एक दिवस रंग असे काही जुळून येतात, की हात शिवशिवतात. त्यामुळे एक सुरू असताना दुसरी सुरू होते. पूर्वीही व्हायची. फरक एवढाच, की पूर्वी त्या पुऱ्या व्हायच्या.

आता का होत नाहीत? वेळ नाही, असं सगळ्याच म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. मैत्रिणींच्या घरची गाठोडी मी सोडून पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेक गोधड्या एकाच ठिकाणी अडलेल्या असतात. वरचा थर छान जुळवून झालेला असतो, चौकोन, तिकोन, काठ, पदर सगळं जागच्या जागी असतं. आतले थर वेगळे घडी करून ठेवलेले असतात. आणि काम थांबलेलं असतं ते थर एकावर एक पसरून टाचण्यापाशी. म्हणजे अडतं ते कच्च्या टाक्यांपाशी.

याचं कारण सरळ आहे. कापणं, जुळवणं एकटीनं होतं, मांडीवर होतं. धावदोराही एकटीनं होतो. पण टाचायला मोकळी जमीन लागते आणि दुसरे दोन हात लागतात. फ्लॅटमधल्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय, टीव्हीचं कपाट यांच्यामध्ये सात फूट बाय चार फूट मोकळी जागा कुठून काढायची? आणि शेजारणीला हाक मारायची तर तिचं दार बंद. म्हणून ते काम पुढच्या रविवारवर जातं, आणि तो पुढचा रविवार दिवाळीनंतर उगवतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की तुमच्याकडे जेवढ्या गोधड्या टाचायच्या राहिल्यात, त्या सगळ्या एकाच दिवशी टाचा. एकेक करत बसू नका. जागा एकदा मोकळी करायची ती सगळ्यांसाठी. इमारतीची गच्ची मिळाली तर सकाळी लवकर गच्चीवर, नाहीतर सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप. दोन-तीन मैत्रिणींना बोलवा आणि प्रत्येकीनं आपलं गाठोडं आणावं. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, हे असंच चालायचं. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. गोधडी ज्या घरची असेल त्या घरचा चहा.

टाचायचं कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जमीन झाडून, पुसून, वाळू द्यायची. सगळ्यात खालचा थर उलटा पसरायचा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आमच्याकडे पाण्यानं भरलेले पितळी तांबे ठेवायचे. मग आतला पहिला थर. तो टाकला की मधोमध गुडघ्यावर बसून दोन्ही तळहातांनी सुरकुत्या मधून बाहेर काठाकडे सारत न्यायच्या. घाई नको. एक बाजू ताणली आणि दुसरी सैल राहिली, तर आत्ता कळत नाही, शिवताना कळतं. मग दुसरा थर, तिसरा थर, प्रत्येक वेळी तेच. आतल्या थरांत जोड आले तर ते एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर तिथे गाठोळी होते आणि सुई जात नाही. सगळ्यात वर तुमचा जुळवलेला थर. आणि मग लांब लांब कच्चे टाके, मधून सुरू करून काठांकडे, वीतभर अंतरानं, उभे आणि आडवे. समोरासमोर दोघी बसल्या तर मोठी गोधडीही तासाभरात टाचून होते. एकटीला मात्र अख्खी दुपार लागते आणि कंबर धरते.

आता मधून बाहेर का? कारण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी धावदोरा त्याच्या उलट घालतात, काठापासून आत, चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत. प्रत्येक फेऱ्याबरोबर कापडाची ढिलाई थोडी थोडी आत ढकलली जाते. टाचण पक्कं नसेल तर ती सगळी मध्याशी गोळा होते आणि शेवटी पोटात झोळ येतो. टाचण नीट असेल तर ती वाटेतच जिरते. पॉलिस्टर साडीचा थर घेत असाल तर टाके आणखी जवळ घाला, ते कापड घसरतं. शक्यतो आत सुतीच घ्या. अंगाखाली घाम टिपायला सूतच लागतं.

कापडाचा हिशेबही इथेच सांगून टाकते. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. त्याचे चार तुकडे केले, की प्रत्येक पावणेसात फुटांचा. पन्हा 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यात निघतात. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट, तिच्यात सहा-सहा फुटांचे तीन थर. नवं सुती कापड वापरायचं असेल तर आधी भिजवून, खळ काढून, वाळवून घ्या. ते आटतं आणि जुनं आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात गोधडी आक्रसते.

टाचून झालं, की प्रत्येक गोधडी वेगळ्या पिशवीत. त्याच पिशवीत तिचा दोरा, तिची मोठ्या नेढ्याची सुई, अंगुस्तान आणि उरलेले चार तुकडे. आत एक चिठ्ठी ठेवा. गोधडी कुणासाठी, कुणाचं कापड, काय राहिलंय. ही चिठ्ठी फार मोलाची. महिनाभरानं पिशवी उघडली, की आपण कुठे होतो हे आठवण्यातच संध्याकाळ जाते आणि पिशवी परत बंद होते.

मग आधी कुठली शिवायची? लहान आधी संपव, हुरूप येतो, असा सल्ला मिळतो. मी तसं करत नाही. माझा क्रम असा, की सगळ्यात आधी बाळाचं दुपटं, कारण बाळ कुणासाठी थांबत नाही. त्यानंतर ज्या गोधडीतलं कापड सगळ्यात जीर्ण, ती. पंचाहत्तरीतल्या आजीचं लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं, की ते घडीवरच विरतं. कसर लागते, उंदीर लागतात. शिवलेल्या गोधडीत तेच लुगडं आणखी कितीतरी वर्षं चालतं, कारण दर इंचाला त्याला दोऱ्याचा आधार असतो आणि शेजारच्या थराचा आधार असतो. नव्या चिटाच्या गोधड्या खुशाल मागे ठेवा. त्यांचं काही बिघडत नाही.

हातात एका वेळी तीन असाव्यात, पण तिन्ही वेगवेगळ्या टप्प्यांवर. एक जुळवणीत, एक धावदोऱ्यात, एक काठाला. जुळवणीला उजेड लागतो आणि मन ताजं लागतं, ती सकाळी. धावदोरा संध्याकाळी, मालिका बघता बघता, गप्पा मारता मारता. काठ दुमडणं मशीनवर. तिन्ही जुळवणीतच असल्या, तर डोकं थकलेल्या दिवशी एकीलाही हात लागत नाही. आणखी एक. उन्हाळ्यात मोठी गोधडी मांडीवर घेऊन बसवत नाही, अंग भाजून निघतं. म्हणून उन्हाळ्यात टाचण आणि दुपटी, आणि मोठ्या गोधड्यांचा धावदोरा थंडीत. तेव्हा शिवणारीलाही तिची ऊब मिळते.

अर्ध्यावर कंटाळा येतो, हे खरं. त्यासाठी मी एकदा नीट हिशेब केला. पावणेचार बाय पावणेसात फुटांची गोधडी, एक इंचाच्या अंतरानं फेरे. पहिला फेरा 21 फुटांचा. पुढचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा आठ इंचांनी लहान. असे 22 फेरे होतात आणि शेवटचा जेमतेम सात फुटांचा असतो. सगळा धावदोरा मिळून साधारण 300 फूट. पण पहिल्या 11 फेऱ्यांतच त्यातला 190 फुटांच्या वर घालून होतो. म्हणजे निम्मे फेरे घालून जी गोधडी तुम्ही गुंडाळून ठेवलीय, तिचं जवळजवळ दोन तृतीयांश काम झालंय! राहिलाय तो लहान होत जाणारा भाग. मैत्रिणींनो, आज घरी तुमच्या त्या गोधडीचे फेरे मोजा.

ज्यांचं काम नेहमी जुळवलेल्या थरापाशीच अडतं, त्यांनी आपल्या शेजारच्या सिद्दी बायकांची कवंदी बघावी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांची कवंदीही जुन्या कापडांचीच, पण वरचा थर आधी वेगळा जुळवून ठेवायचा नाही. खालची साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, आणि तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, धावदोऱ्यानं तिथेच पक्का करायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. फिरत फिरत मध्याशी यायचं. जुळवणं आणि शिवणं एकाच हातासरशी होतं. कोपऱ्यांवर घड्या घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. या पद्धतीत मुळी तयार थर माळ्यावर पडून राहायची सोयच नाही. दुपट्याएवढ्या मापावर करून बघा. मला ही रीत मनापासून आवडते.

आता जरा अवघड विषय. काही गोधड्या आपण सुरूच केलेल्या नसतात. आई, सासूबाई, आत्या मागे ठेवून जातात, सुई अजून कापडात टोचलेली असते. त्या पेटीला हात लावायचा धीर होत नाही. माझ्या आत्याची अशी एक माझ्याकडे आली. ती डावखुरी होती. आपण उजव्या हाताच्या बायका काठ स्वतःकडे घेऊन उजवीकडून डावीकडे शिवत जातो, ती डावीकडून उजवीकडे. त्यामुळे तिचे फेरे उलटे फिरलेले, आणि एक फेरा संपून आत वळायची तिची जागा डाव्या कोपऱ्यात. आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी तिचा एकही टाका उसवला नाही. तिचा दोरा जिथे संपला तिथे गाठ मारली, शेजारून माझा दोरा सुरू केला आणि माझ्या दिशेनं फिरले. रंगही मुद्दाम तिचा पांढरा सोडून तांबडा घेतला. तिचं कुठवर आणि माझं कुठून, ते नातवंडांनाही दिसावं म्हणून. कुणी म्हणेल, एकसारखं दिसत नाही. न का दिसेना. दुसऱ्या बाईचं काम उसवून आपल्यासारखं करून घेणं मला पटत नाही.

आणि जी तुम्हाला खरंच पुरी करायची नाही, ती शिवणाऱ्या हातात द्या. खेडोपाडी, शहरांच्या कडेच्या वस्त्यांत कापड घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. कच्चे टाके घालून दिलेली गोधडी त्यांना सोयीची पडते. तीनशे फूट धावदोऱ्याचा दाम मात्र घासाघीस न करता द्या. ते काम कसं असतं, हे आपल्यालाच ठाऊक असतं.

मध्याशी आलात, की शेवटच्या दोन फेऱ्यांआधी थांबा, गोधडी जमिनीवर पसरा आणि हातानं चाचपा. थोडा झोळ असेलच, तर एकाच चुणीत न घेता तीन-चार बारीक चुण्यांत वाटून घ्या आणि त्यावरून धावदोरा न्या. दोऱ्याचं टोक थरांच्या आत लपवा. मग कच्चे टाके काढा, आधी नाही. पहिलं धुणं गार पाण्यात, तांबडा रंग असेल तर एकटीच भिजवा. पिळू नका. ओली गोधडी फार जड होते, दोघींनी धरून दगडी कठड्यावर किंवा जाड बांबूवर टाका. दोरीवर टाकली तर मधून ताणली जाते. दुपारी एकदा उलटी करा. शिवण दबून बसते, थर एकमेकांना धरतात, आणि संध्याकाळी ती अंथरायला तयार होते.

पुढच्या पिशवीतली चिठ्ठी वाचायला घ्या. नमस्कार.