जाम इंजिन आणि हातोड्याची घाई

मंडळी, 'जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातले जाम भाग कसे सोडवावेत' असा विषय पत्रिकेत छापलाय. समोरचे हात बघितले तर पिस्टन कशाला म्हणतात इथून सुरुवात करायची गरज दिसत नाही. त्यामुळे आधी मनातलं बोलतो. माझं ठाम मत आहे की गंजामुळे फार थोडी इंजिनं कायमची जातात. बाकीची सोडवणाऱ्याच्या घाईनं जातात.

हात वर करा बघू, ज्यांनी टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून, जाम इंजिन फिरवायचा प्रयत्न केलाय. मागच्या रांगेतला एक हात वर आला आणि अर्ध्यातूनच खाली गेला! असू दे. तुमच्यासाठीच एक हकीकत सांगतो.

तीन सिलेंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर. वर्षानुवर्षं उघड्यावर उभा, सायलेन्सरच्या नळीवर झाकण नाही. पावसाचं पाणी नळीतून सिलेंडरांना जोडणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये उतरलं. आता इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या तरी सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असू शकतो. इथे एकाचा होता. पाणी त्याच एका सिलेंडरमध्ये गेलं आणि पिस्टनच्या डोक्यावर साचून राहिलं. बाकीचे दोन ठणठणीत होते.

मालकानं नळीतून थोडं डिझेल ओतलं, तासाभरानं दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधली, गिअर वरचा टाकला आणि वेग आल्यावर क्लच सोडला. खालच्या गिअरात चाकं नुसती घसटतात, म्हणून मुद्दाम वरचा. आधी चाकं घसटलीच, मग 'टक्' असा आवाज आला आणि इंजिन फिरलं. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते इंजिन नंतर माझ्यासमोर उघडलं गेलं. पिस्टनला क्रँकच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या, त्यांच्या तुकड्यांनी लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीवर, वरपासून खालपर्यंत चरे पाडलेले. दोन व्हॉल्व्ह गाइडमध्ये घट्ट बसले होते, त्यामुळे त्यांना उघडणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, तेही वाकले. आणि मूळ दुखणं काय, तर लायनरवर पाण्याच्या पातळीला बरोबर एक तांबूस पट्टा, बोटभर रुंद. नखानं खरवडला तर भुकटी होत होती. तेवढ्यासाठी रॉड, पिस्टन, लायनर, पुशरॉड सगळं गेलं. मला आजही त्याचा राग येतो.

गंजाचं गणित समजून घ्या. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान दुपटीहून जास्त होतं. पिस्टन आणि लायनर यांच्यात फट असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. गंज तिथे फुगून पाचर मारतो. टोचनानं ही पाचर तुटते, पण किती जोर लागला ते कुणाच्याच हाताला कळत नाही. क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाना लावून हळूच दाब दिला, तर कळतं. जरा पुढे, जरा मागे. गंजलेली कडी आपण हलवत हलवत काढतो ना, तसं. हललेल्या प्रत्येक केसभर जागेत तेल शिरतं.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: जाम नक्की काय आहे? गिअर न्यूट्रल करा, पीटीओ (अवजारं फिरवणारा दांडा) सोडवा, पंख्याचा पट्टा काढा, स्टार्टर उतरवा. स्टार्टरचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेलं असतं आणि माणसं हेड खोलून बसलेली असतात! मग रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह हलतो का ते बघा. शिवाय लक्षात घ्या, ट्रॅक्टरला बहुधा वेगळी चासी नसते. १९१७ च्या फोर्डसनपासूनच इंजिनाचा ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग आहे. तो मधून सोडवायचा तर आधी दोन्ही बाजूंना भक्कम टेकू द्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत म्हणे. कबूल केलेला विषय आता भराभर सांगतो.

नोझल, म्हणजे डिझेल फवारणारा इंजेक्टर, काढा, सिलेंडरमध्ये भेदक तेल सोडा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं चालतं. दोन्ही वेगळी होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्या आणि आग लांब ठेवा. हेड काढलेलं असेल तर पिस्टनच्या कडेला तेलाची पातळी खुणेनं धरून ठेवा. सकाळी ती उतरलेली दिसली म्हणजे तेल रिंगांपर्यंत पोचतंय. आठवडा लागला तर लागू दे.

सुटलं नाही तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवा, बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, कॅप एकेक करून सोडा. कुठली सोडल्यावर क्रँक फिरतो ते बघा, तोच पिस्टन जाम. लायनरच्या वरच्या टोकाला झिजेची कड असेल तर ती आधी घासून काढा, नाहीतर वर येताना रिंगा तिथे अडकून कडा तुटतील. ठोकायचं ते कठीण लाकडाच्या गोल ठोकळ्यावर, पिस्टनच्या डोक्यावर थेट कधीच नाही. वेट लायनर (ज्याला बाहेरून थेट थंडाव्याचं पाणी लागतं) असेल तर पिस्टनसकट बाहेर ओढता येतो.

उष्णता द्यायची ती बाहेरच्या भागाला. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे पिस्टन तापवला तर तो आणखी आवळतो. स्टडवरचा नट तापवा, थोडा निवू द्या, मेण लावा. ते वितळून आट्यांत ओढलं जातं. स्टड तुटला तर उरलेल्या बुडख्यावर नट वेल्ड करून फिरवा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्डिंग अजिबात नको, फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

नोझलच्या भोकातून ग्रीस गननं ग्रीस भरून पिस्टन ढकलणारे इथे आहेत, त्यांना एक आकडा देतो. १०० मिमी व्यासाच्या पिस्टनवर ७० बार दाब म्हणजे साडेपाच टन जोर. रॉड सोडवल्याशिवाय हा प्रयोग करू नका. आणि ग्रीसऐवजी कॉम्प्रेसरची हवा तर नकोच, सुटलेला पिस्टन गोळीसारखा येतो.

शेवटचं. इंजिन सुटलं, हातानं पूर्ण फेरा झाला, तरी स्टार्टरला बोट लावायच्या आधी सगळी नोझलं काढून ठेवा. ओतलेलं तेल सिलेंडरमध्ये उरलेलं असतं, द्रव दबत नाही, आणि जपून वाचवलेला रॉड तिथेच वाकतो. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून सुरुवात करा.