दक्षिण काशीतून काशीला

[दृश्य: पाचवड फाटा. सातारा–वाई एसटी महामार्ग सोडून आत वळते.]

साताऱ्याहून निघालेली एसटी पाचवडला महामार्ग सोडते आणि उसाच्या शेतांमधून वाईकडे येते. अंतर पस्तीसेक किलोमीटर. समोर पसरणीचा डोंगर, खाली कृष्णा, आणि काठावर १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिच्यावर फुटावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून.

बहुतेक पाहुणे इथं दर्शन घेतात, घाटावर फोटो काढतात आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतात. आम्ही वाईत आलो ते एका ट्रॅव्हल्सच्या दुकानासाठी.

[दृश्य: शटर वर जातं. पाटी: मुंबई, बोरिवली, पार्सल, देवदर्शन, काशीयात्रा.]

एक गाळा, एक टेबल, एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर मुलगा, टेबलाशी वडील. वडील साठीच्या पुढचे. सगळी वाई त्यांना काका म्हणते, आम्हीही काकाच म्हणू.

सकाळी पहिली गर्दी पार्सलवाल्यांची. ज्वारीचं पीठ, हळकुंडं, गोणपाटात शिवलेली लोणच्याची बरणी, हिवाळा असेल तर स्ट्रॉबेरीची खोकी. प्रत्येकावर जाड पेननं नाव, मोबाईल नंबर आणि उतरवायचं ठिकाण: कळंबोली, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे. या ठिकाणांमागं मोठा इतिहास आहे. वाई, जावळी, कोरेगाव, पाटण या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत ओझी उचलायला गेली. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पुढं घाऊक बाजार वाशीला हलला, तसे माथाडींचे संसारही खाडीपलीकडं गेले. आईनं इथं बांधलेली पिठाची पिशवी रात्रीच्या गाडीनं निघते आणि उजाडताना लेकाच्या हातात पडते.

आणि रंगपंचमी जवळ आली की तीच लेकरं गावाकडं निघतात. वाईशेजारच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे उंच शिडाचा लाकडी गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैल ते ओढत गावात आणतात, आणि नवस फेडणारा माणूस, म्हणजे बगाड्या, वर शिडाला टांगलेला असतो. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. खासगी गाडीला एसटीच्या दीडपटीपर्यंत भाडं घेता येतं, तसा २०१८ चा शासन निर्णय आहे. काकांनी तो आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय, गिऱ्हाइकाला दिसेल असा.

[दृश्य: टेबलासमोर एक आज्जी. हातात कापडी पिशवी.]

"पुण्याची शीट पायजे बाबा. लेकीकडं जायचंय."

"वय किती, आज्जी?"

"अठ्ठ्याहत्तर झाली की."

"मग मला पैसे कशाला देताय? आधार कार्ड हाय न्हवं जवळ? एसटीत फुकट जावा. स्वारगेटला जावईबापूंना बोलवून घ्या."

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. काकांची पुण्याची गिऱ्हाइकं त्यानंतर बरीच कमी झाली. तरी आज्जींना एसटी स्टँडपर्यंत सोडायला त्यांनी मुलाला पाठवलं.

दुपारी एक गृहस्थ केदारनाथचं विचारायला आले. पायऱ्या चढताना गुडघा धरत होते, ते काकांनी पाहिलं होतं. गौरीकुंडापासून पुढं सोळा किलोमीटरचा चढ, साडेतीन हजार मीटरच्या वरची उंची, तिथं श्वास कसा लागतो, सगळं नीट समजावून सांगितलं. आधी डॉक्टरांना दाखवा म्हणाले. बद्रीनाथाला देवळाजवळपर्यंत गाडी जाते, तिकडं न्यायला मी तयार आहे, हेही सांगितलं. पैसे मात्र घेतले नाहीत. हातात आलेलं बुकिंग असं परत करणं धंद्याला परवडतं का, ते काकाच जाणोत. आम्हाला त्यांचा फार आदर वाटला.

[दृश्य: गाळ्यामागची खोली. सतरंजी अंथरलेली. स्टीलच्या पेल्यांतून चहा.]

रविवारी मागच्या खोलीत काशीला जाणाऱ्यांची बैठक भरते. खरं तर आम्ही आलो होतो ते हीच बैठक पाहायला. वाईतले काही जण, बाकी पसरणी, भुईंज, मेणवलीचे. बायका जास्त, आणि बहुतेक साठीच्या पुढच्या.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. सात घाट आहेत, काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तेही रास्त्यांनीच बांधलेलं. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, अशी इथली श्रद्धा आहे. त्याला कन्यागत म्हणतात. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये येईल. मग इथल्या माणसानं एवढ्या लांब कशाला जायचं? आम्ही बैठकीत विचारलं. पसरणीच्या एका मावशींनी उत्तर दिलं.

"गंगा आपल्याकडं येती ती पाव्हणी म्हणून. आपणबी एकदा तिच्या दारात जाया नको व्हय?"

खोलीत माना हलल्या.

वाईला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वाठार. एके काळी महाबळेश्वरला जाणारे साहेबलोकही तिथंच उतरून वाईवरून पुढं जायचे. बैठकीतल्या काही बायका आयुष्यात कधी रेल्वेत झोपलेल्या नाहीत. म्हणून काका अगदी मुळापासून सांगतात. तिकीट साठ दिवस आधी निघतं, पहिल्या दिवशीच काढलं तर खालचे बर्थ मिळतात. रात्री चप्पल पिशवीत घालून उशाशी ठेवायची. बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक पिशवी हरवली तर दुसरी. दशाश्वमेध घाटावर आरतीला तोबा गर्दी असते, तिथं जोडीनं उभं राहायचं. गळ्यात कार्ड: नाव, उतरलो ती धर्मशाळा, घरचा नंबर, सगळं हिंदीत. कुणी चुकलंच तर जागा सोडायची नाही, शोधणारा येईपर्यंत तिथंच बसून राहायचं.

"आणि गयेला पिंडदान करायचंय, त्यांनी नावं आत्ता लिहून आणा. सासरची, माहेरची, तीन पिढ्यांची. तिथं गेल्यावर आठवत नाहीत."

हे ऐकल्यावर खोलीत कुजबूज सुरू झाली. एका बाईंना सासऱ्यांच्या वडिलांचं नाव माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंना माहीत होतं, त्याच भावकीतल्या. एक चुलतसासूबाई बैठकीला आल्याच नव्हत्या, तर त्यांना फोन लावला. जावांनी मिळून वही काढली. चहा गार झाला, पण नावं जुळेपर्यंत कुणी उठलं नाही.

तिकीट मोबाईलवर मिनिटात निघतं. वाईतली तरुण पोरं तसंच काढतात, आणि ते बरोबरच आहे. पण काशीला निघालेल्या साठ वर्षांच्या बाईसाठी तिकीट ही तयारीतली अगदी छोटी गोष्ट असते. बाकीची तयारी आम्ही या सतरंजीवर होताना पाहिली. असं दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावाला असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: टेबलाच्या काचेखाली आमंत्रणपत्रिका.]

काशीहून आल्यावर मावंदं घालायची रीत या भागात अजून आहे. आणलेल्या गंगेची पूजा करायची, भावकीला, गावाला जेवायला बोलवायचं. काचेखालच्या पत्रिका त्याच. काका जमेल तिथं जातात, कारण यात्रेकरूंची तब्येत कशी आहे ते तिथंच नीट कळतं, असं ते सांगतात.

काही घरांत मात्र गंगेचा एक सीलबंद तांब्याचा गडू देव्हाऱ्यात जपून ठेवतात. तो रामेश्वरासाठी. गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं आणि तिथली वाळू प्रयागला न्यायची, तेव्हा यात्रा पुरी झाली असं जुनी माणसं मानतात. असे गडू ठेवलेली बरीच घरं आता काकांकडं रामेश्वरचं विचारू लागली आहेत. गाडी माघात काढायचं ठरतंय. बस करायची की रेल्वेनं न्यायचं, ते नावं किती होतात त्यावर दिवाळीनंतर ठरेल. नावं लिहून घ्यायला मुलानं नवी वही आणली आहे.