लसूण, दवणा आणि कलुशचा नाच

नमस्कार श्रोतेहो, आज जरा लांब जाऊया, रोमानियात, डॅन्यूब नदीकाठच्या ओल्तेनिया भागात. ईस्टरनंतर ५० दिवसांनी तिथे रुसालीचा सण येतो आणि गावातल्या पुरुषांचा ताफा घरोघर नाचत फिरतो, त्या नाचाचं नाव कलुश. नाचणारे विषम संख्येतच, पायात घुंगरं, हातात काठी, अंगात पांढरा शर्ट, त्यावर रंगीत फिती, आणि सोबतीला व्हायोलिन. आधी सगळे निशाणापुढे शपथ घेतात, मग म्होरक्या सांगेल तसंच वागायचं. हे निशाण म्हणजे एक उंच काठी, तिच्या टोकाला लसूण आणि एक कडू पाला बांधलेला असतो, आणि तो पाला चक्क आपल्या दवण्याचा भाऊबंद आहे बरं का! जोतिबाला दवणा वाहणाऱ्यांना, सासनकाठी खांद्यावर घेतलेल्यांना हे वाचून-ऐकून किती ओळखीचं वाटेल.

आता हा नाच कशासाठी, तर रुसालीच्या दिवसांत कुणी काम केलं तर येले नावाच्या पऱ्या त्याला धरतात, हातपाय लुळे पडतात, अशी जुनी समजूत. मग आजाऱ्याला अंगणात झोपवायचं आणि नाचणाऱ्यांनी त्याच्यावरून उड्या मारायच्या. आया आपली तान्ही बाळं पुढे करतात. अंगणाच्या मधोमध मीठ, लसूण ठेवतात, त्याभोवती नाच होतो आणि नंतर घरातली बाई ते औषध म्हणून जपून ठेवते. ताफ्यात एक मुका पण असतो, तोंडावर मुखवटा, हातात लाकडी तलवार, बोलायचं अजिबात नाही, पण सगळ्यांना हसवून सोडतो. शेवटी घरचे, शेजारी सगळे हात धरून गोल नाचात शिरतात.

२००५ मध्ये युनेस्कोने कलुशचा गौरव केला, छानच झालं. पण मला मनापासून वाटतं की हा नाच अंगणाचा आहे, स्टेजवर नुसत्या उड्या दिसतात, त्या फास्ट असतात, जबरदस्त असतात, पण समोर ते आजारी पोर नसतं, आणि पदरात लसणाची पाकळी बांधून घेणारी आजी नसते.

काही गावांत सण संपला की ताफा गावाबाहेर जातो, निशाणाची काठी मोडतो, पुरतो, आणि सगळे मागे वळून न बघता चारी दिशांना पळत सुटतात. मग पुन्हा भेटतात तेव्हा एकमेकांना रामराम करतात, जणू कित्येक दिवसांत भेटच झाली नव्हती.