पद्मिनीचं हेड, अ‍ॅम्बेसिडरचं हेड

नमस्कार, श्रोतेहो. दारात जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसिडर असली की एक सल्ला न मागता मिळतो. "ही शिशाच्या पेट्रोलवरची गाडी, आताच्या पेट्रोलवर इंजिनाचं वाटोळं होणार." सांगणारे काका बहुधा उपायही सुचवतात : टाकीत डांबराच्या दोन गोळ्या टाका. गोळ्या कपाटातच राहू द्या. काकांच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते किती हे गाडीच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या भागावर ठरतं.

1921 साली अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजलीनं टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलसाठी शोधून काढलं, ते इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवायला. व्हॉल्व्हचं, म्हणजे इंजिनाच्या झडपांचं, रक्षण हा आपसूक पदरात पडलेला फायदा. पेट्रोल जळताना जळका वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कडेवर, शिशाच्या क्षारांचा पातळ थर बसे. तो थर नसला की तापून लाल झालेला व्हॉल्व्ह थेट लोखंडावर आपटतो, सीटचे बारीक कण त्याला चिकटून उखडतात आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो.

आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल 1995 च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत आलं, ते धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच. शिशानं लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, तेव्हा ते गेलं याबद्दल कुठल्याही गाडीवेड्यानं हळहळू नये.

आता हेड. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100. तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे त्यात कठीण धातूच्या सीट वेगळ्या ठोकून बसवाव्याच लागतात. तिच्या मालकानं शिशाची चिंता सोडावी. अ‍ॅम्बेसिडरच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचं हेड ओतीव लोखंडाचं, सीट त्यातच कापलेली. झीज होते ती इथे. तीही गावात ऑफिस-बाजार करणाऱ्या गाडीत नगण्यच. एक्सप्रेस-वेवर तासन् तास दामटलीत किंवा भरल्या गाडीनं घाट चढवलात, तर प्रश्न येतो.

याचं लक्षण फसवं आहे. व्हॉल्व्ह रुतला की टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, गॅप कमी होतो, आवाज शांत होतो आणि मालक खूश होतो! गॅप पार संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, व्हॉल्व्ह जळतो. म्हणून या गाडीचे टॅपेट कानानं नव्हे, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. मापाप्रमाणे लावलेला गॅप दर तपासणीत पुन्हा कमी भरू लागला, तर सीट झिजते आहे. तोवर हेड उगाच उतरवू नका. कधीतरी दुसऱ्या कामासाठी उतरेल, तेव्हा चांगल्या मशीन शॉपमधून एक्झॉस्टला कठीण सीट बसवून घ्या, प्रश्न कायमचा मिटला.

माझ्या मते आज जुन्या गाडीचा खरा वैरी शिशाचा अभाव नाही, इथेनॉल आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या महाराष्ट्रात उसाचे मळे असताना त्याला नावं ठेवणं अवघड, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचा पाइप फुगतो किंवा तडकतो, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, कडक होतो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टर तुंबतो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट थेट सीटशीच जोडलेली आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्मांक सुमारे एक तृतीयांश कमी, आणि त्याला हवाही कमी लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण म्हणून पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर जोर दिला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. मेन जेट एक नंबर मोठा करून स्पार्क प्लगचा रंग बघा. पांढराफट्ट दिसला तर अजून पातळ आहे, हलका तपकिरी हवा. ठिणगीचं टायमिंगही त्याच दिवशी लावून घ्या.

रबराची सगळी नळी बदलाच. दुकानात "इथेनॉलला चालेल अशी" असं स्पष्ट सांगून मागा, साधी काळी नळी घेऊ नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपाला येणारा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटर कोरडा राहील. आणि डिकीत एसी पंपाचा एक जादा डायफ्राम ठेवा, कारण घाटात तो मिळत नाही. नमस्कार.