विहिरीचा दोर आणि कार्बनची फ्रेम

(पुण्यातल्या सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जुन्या वाड्यातली किंवा गडावरची विहीर आठवा. काठाच्या दगडावर बोट मावेल एवढ्या खाचा पडलेल्या असतात. दगड आपला काळा पाषाण आणि दोर काथ्याचा. मग मऊ दोराने कठीण दगड कापला कसा? शाळेत याचं उत्तर ‘सातत्याने’ असं मिळायचं, फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार म्हणून. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, मला ते उत्तर पटत नाही. दोर कापतच नाही. दोराच्या पिळात अडकलेली वाळू कापते. दोर तिला धरून ठेवतो आणि पुढेमागे नेतो, एवढंच.

आम्ही लॅपिंग करायचो, म्हणजे घासणारी पूड घालून पृष्ठभाग गुळगुळीत करायचो, तेव्हा हेच तत्त्व मुद्दाम वापरायचो. कडक पोलादी गेज (मोजमापाचं साधन) घासायचा असेल तर खालची प्लेट बिडाची घ्यायची, म्हणजे गेजपेक्षा मऊ. घासणारी पूड मऊ प्लेटमध्ये रुतून बसते आणि कडक गेजला खाते. नव्या पोराला हे उलटं वाटायचं. प्लेट झिजायला हवी ना, असं तो विचारायचा.

तुमच्या सायकलच्या हेडट्यूबवर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर, असंच लॅपिंग चालू असतं, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. ब्रेकच्या केबलचं आउटर, म्हणजे वायरीवरचं कवच, पाच मिलिमीटरचं, गिअरचं चार. दोन्हींवर मऊ प्लास्टिकचं आवरण. त्यात रस्त्याची धूळ रुतते आणि हँडल हललं की रंगावर फिरते. आपल्याकडच्या धुळीत बेसॉल्टची भुकटी असते, नदीच्या वाळूतलं क्वार्ट्‌झ असतं, आणि बांधकामाचा रस्ता असेल तर सिमेंटही. यातलं क्वार्ट्‌झ काचेलाही ओरखडा पाडतं. त्याच्यासमोर फ्रेमवरचं लॅकर, तो वरचा पारदर्शक थर, म्हणजे लोणीच. पावसात तर विचारू नका. पाणी आणि धूळ मिळून तयार लॅपिंग पेस्ट होते.

‘पण मी हँडल कुठे वळवतो? रस्ता सरळच असतो,’ असं म्हणाल. चारशे किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांबची राइड, घ्या. मुदत २७ तासांची. चहा, उतार, सिग्नल वगळून १८ तास पायडल मारलं आणि मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या, तर पाऊण लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दोन्ही पाय एकेकदा दाबतात आणि हँडल किंचित डावी-उजवीकडे मान हलवतं. घाटात उभं राहून मारता तेव्हा किंचित नाही, चांगलं झुलतं. केबल रंगाला टेकलेली असेल तर एका राइडमध्ये लाखावर घासे.

स्टीलच्या फ्रेमचा रंग गेला तर गंज चढतो. लाल डाग दिसतो, आपण जागे होतो. कार्बन गंजत नाही, त्यामुळे इशाराही मिळत नाही. कार्बनचा एक धागा पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, डोक्यावरच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. असे हजारो धागे रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, थरांनी बसवलेले असतात आणि ताकद धाग्याच्या सलगपणात असते. धागा तुटला की तेवढ्या जागी ताकद गेली. त्यातही नळी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि केबल नेमकी तिथूनच सुरुवात करते.

म्हणून काय लगेच घाबरायचं? नाही. हेडट्यूब जाड असते. तिथला ओरखडा बहुतेक वेळा जिवाला नाही, डोळ्यांना लागतो. मला काळजी वाटते ती इतर जागांची. डाउनट्यूब (खालची तिरकी नळी) आणि टॉपट्यूब (वरची नळी) मधल्या भागात पातळ असतात, काही फ्रेममध्ये जेमतेम एक मिलिमीटर. तिथे केबल किंवा फ्रेम बॅगेचा पट्टा घासत असेल तर लक्ष द्या. पट्ट्याकडे कुणी बघतच नाही. तो तर दोराचा सख्खा भाऊ, विणलेला आणि धूळ धरणारा. दुसरी जागा बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या भागाच्या, खाली. तिथून गिअरची उघडी वायर जाते, १.२ मिलिमीटरची स्टीलची. ती प्लास्टिकच्या खोबणीतून सरकते. खोबणी झिजली किंवा पडली तर वायर थेट कार्बनवर करवतीसारखी चालते. इथे मात्र धुळीचीही गरज नाही.

तिसरी जागा दिसतच नाही. हल्लीच्या सायकलींमध्ये ब्रेकचे होस, म्हणजे तेलाच्या नळ्या, हँडलमधून थेट हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या, आत जातात. बाहेर एक वायर नाही, फोटोत सायकल देखणी दिसते. पण आत तेच होस चिमट्याच्या दांड्याला, स्टिअररला, चिकटून वळत असतात. पुढचं चाक ज्याच्या भरवशावर आहे तो हा दांडा. बेअरिंग बदलायचं तर बऱ्याच मॉडेलमध्ये होस सोडावे लागतात, ब्रेक पुन्हा ब्लीड करावे लागतात, म्हणजे त्यांतली हवा काढावी लागते, म्हणून लोक ते काम वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. मी सांगेन, ढकलू नका. हेडसेट उघडला की दांड्यावरून बोट फिरवा. दुकानात उघडत असेल तर समोर उभं राहा.

आता उपाय. सगळे आधी टेप विचारतात. टेप माझ्या हिशेबात तिसरी येते. आधी केबल टेकते का ते बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आउटर ताणलं गेलं तर ते आखूड आहे, नळीवर फुगून दाबलं गेलं तर लांब. अनेक सायकलींवर ते चार बोटं जास्तच असतं, कारण कापताना मेकॅनिकला धीर होत नाही. बाहेरून केबल जाणाऱ्या फ्रेममध्ये जुना डाव आहे. उजव्या शिफ्टरचं (गिअर बदलायच्या खटक्याचं) आउटर डाव्या बाजूच्या स्टॉपमध्ये, म्हणजे फ्रेमवर आउटर टेकून थांबतं त्या खोबणीत, घालायचं, डावं उजवीकडे. वळण मोठं आणि सैल होतं, केबल हेडट्यूबपासून सुटते. डाउनट्यूबखाली आतल्या वायरींची फुली होते, ती नुसती एकमेकींना ओलांडायला हवी, पीळ पडता कामा नये. दोन आउटर एका छोट्या क्लिपने एकमेकांना बांधली तरी बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट धुणं. ओल्या फडक्याने केबल पुसायला अर्धं मिनिट लागतं. आपण चेन चकचकीत करतो आणि केबल तशीच ठेवतो.

मग टेप. इलेक्ट्रिकची काळी टेप लावू नका. उन्हात तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते आणि चिकट्यावर धूळ बसते. मी हे केलेलं आहे. एका पावसाळी तीनशेच्या ब्रेवेच्या आदल्या रात्री, घाईत, न पुसलेल्या नळीवर तीन वेढे मारले. परत आल्यावर टेप काढली तर खाली खाच. मीच धूळ आत कोंडून तिला वरून दाब दिला होता. तीस वर्षं लॅपिंग करून!

योग्य वस्तू म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. सायकलवाले तिला हेलिकॉप्टर टेप म्हणतात, कारण वाळूने झिजू नयेत म्हणून हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडांवर ती लावतात. तुम्ही म्हणाल, मऊ वस्तूत कण रुततो असं आत्ताच सांगितलंत, मग ही मऊ फिल्म कशी चालते? बिडात कण रुतून बसतो. रबरी वस्तू दबते, कणाला उडवून लावते आणि पूर्ववत होते. काचेवर वाळूच्या माऱ्याने नक्षी काढतात तेव्हा जिथे काच शाबूत ठेवायची तिथे व्हिनाइल चिकटवतात. काच खरवडली जाते, व्हिनाइल टिकतं.

ही फिल्म महाग पडते, पण गाड्यांना पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी अशीच फिल्म, लावणाऱ्या दुकानात तिचे कापलेले तुकडे कचऱ्यात जातात. नीट विचारलंत तर फुकट मिळतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर किंवा ॲसिटोन नको. तुकड्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. साबणाचं पाणी फवारून फिल्म जागेवर सरकवा, बोटाने पाणी बाहेर काढा, हेअर ड्रायरने कोमट करा. एक दिवस सायकल बाहेर काढू नका.

मघाशी कुणीतरी विचारलं, खाच पडलीच असेल तर? नखाने चाचपा. फक्त पांढुरकं, धूसर दिसतं आणि नख अडकत नाही, तर लॅकर गेलंय. स्वच्छ करून पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारा, वाळल्यावर फिल्म लावा. काळे धागे दिसत असतील, बोटाला कुसळासारखे टोचत असतील, तर नेलपॉलिशने भागणार नाही, आणि बोटही फिरवत बसू नका, ती कुसळं हातात मोडतात. अशी फ्रेम कार्बन दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. तो खराब भाग घासून नवे थर चढवू शकतो. स्टिअररचे धागे उघडे पडले असतील तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही, चिमटा बदलेन.

माझी सायकल बाहेर भिंतीला लावली आहे, राखाडी रंगाची. डाउनट्यूबवर उजव्या बाजूला ती खाच आहे, फिल्मच्या खाली. जाताना बघून जा.