डिस्क बदलली, लॅपटॉप सुरू होईना

[दृश्य : काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ]

जुनी हार्ड डिस्क काढली, नवी बसवली, मागचं झाकण लावलं, बटण दाबलं. कंपनीचा लोगो आला आणि गेला. पाठोपाठ काळ्या पडद्यावर एकच ओळ : ‘नो बूटेबल डिव्हाइस’. कुठे ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’, तर कुठे ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. काही लॅपटॉप ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही ४’ असं दाखवून तिथेच रेंगाळतात. डिस्कवर काही सापडलं नाही, म्हणून ते आता नेटवर्कवर शोधत असतात. शब्द कोणतेही असोत, लॅपटॉपला जिथून सुरू व्हायचं ती जागा मिळालेली नाही.

हा संदेश दिसतोय याचा अर्थ मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पडदा आपापलं काम करत आहेत. आणि डिस्क थेट खोक्यातून काढून बसवली असेल, तर हाच संदेश यायला हवा. नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर विंडोज नाही, लिनक्स नाही, काहीच नाही.

तरीही पेनड्राइव्ह शोधायला धावू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा : बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, डिस्क दिसते का? डिस्क नीट बसलेलीच नसते आणि लोक तासन्‌तास विंडोज टाकण्याची खटपट करत राहतात.

[दृश्य : बायोसचं मुख्य पान, बोट ‘स्टोरेज’च्या ओळीवर]

लॅपटॉप पूर्ण बंद करा. सुरू करताच बायोसची कळ पटापट दाबत राहा. डेल, एसर, आसूस आणि बहुतेक लेनोव्होमध्ये एफ २, थिंकपॅडमध्ये एफ १, एचपीमध्ये एफ १०. आत गेल्यावर ‘मेन’, ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ किंवा ‘स्टोरेज’ असं पान असतं. तिथे डिस्कचं मॉडेल आणि क्षमता लिहिलेली दिसली, तर जोडणी झाली आहे. प्रश्न डिस्कवरच्या माहितीचा आहे. तिथे ‘नन’ किंवा ‘नॉट डिटेक्टेड’ असेल, तर विंडोजला हात लावायचा नाही. पुन्हा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा.

आधी ही दुसरी शक्यता पाहू.

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, आत असेल तर तिचा कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवा. मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डिस्क हातात घेण्याआधी एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करा.

[दृश्य : अगदी जवळून, अडीच इंची डिस्कची कड आणि सोनेरी पट्ट्या]

अडीच इंची साटा (जोडणीची जुनी, सर्रास दिसणारी पद्धत) डिस्कच्या कडेला पट्ट्यांचे दोन गट असतात : ७ पट्ट्या माहितीच्या, १५ विजेच्या. कनेक्टर एका बाजूने अर्धा मिलिमीटर उचललेला राहिला तरी डिस्क फिरते, पण बायोसला दिसत नाही. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चौकट. जुन्या डिस्कभोवतीची पत्र्याची चौकट किंवा रबरी पट्ट्या नव्या डिस्कला लावायच्या राहतात आणि डिस्क जागेवर डुगडुगते. जाडीही तपासा. जुन्या डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटरच्या, एसएसडी (चकती नसलेल्या, चिपवाल्या डिस्क) ७ मिलिमीटरच्या. पातळ डिस्कला सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावली नाही, तर कनेक्टरची पातळी जुळत नाही.

अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डला जोडलेली नसते, मध्ये एक चपटी रिबन केबल असते. ही केबल मला सगळ्यात संशयास्पद वाटते. तिचं मदरबोर्डकडचं टोक एका बारीक खटक्याखाली अडकलेलं असतं. खटका नखाने हलकेच वर करायचा, केबल सरळ आत सरकवायची, खटका खाली पाडायचा. खटका न उचलता केबल ओढली की पट्ट्या सोलवटतात. मग डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. अशा केबलला दुरुस्ती नाही, ती बदलावीच लागते.

[दृश्य : एम डॉट २ एसएसडी तिरपी आत जाते, मग खाली दाबली जाते]

चपट्या पट्टीसारख्या एम डॉट २ प्रकारच्या एसएसडीची गोष्ट वेगळी. २२८० या आकड्याचा अर्थ रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. ती तिरपी आत सरकवायची, पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत दाबायची आणि मग खाली टेकवून टोकाचा स्क्रू लावायचा. स्क्रू हरवला म्हणून तशीच सोडली, तर ती वर उठते आणि संपर्क तुटतो.

पण खरी फसगत होते ती आकारावरून. एकाच आकारात जोडणीच्या दोन जाती मिळतात : जुनी साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. काही स्लॉट फक्त साटा चालवतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. चुकीची जात स्लॉटमध्ये बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसला काहीच दिसत नाही. कडेच्या खाचा मोजून ओळखण्यावर विसंबू नका, कारण दोन खाचांच्या एनव्हीएमईसुद्धा असतात. डिस्कचं लेबल वाचा आणि लॅपटॉपच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून त्या स्लॉटला काय चालतं ते पाहा.

तरी उलगडा होत नसेल, तर अदलाबदल करा. जुनी डिस्क परत लावली आणि दिसली, म्हणजे केबल आणि स्लॉट ठीक आहेत. नवी डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या संगणकाला जोडा. ती ‘धिस पीसी’मध्ये दिसणार नाही, त्यावरून ती मेली असं समजू नका. कोऱ्या डिस्कला ड्राइव्हचं अक्षर नसतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, तिथे ती ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसली तर ठणठणीत आहे.

लॅपटॉपवर लोगोच येत नसेल, दिवाही लागत नसेल, तर डिस्क काढून ठेवा आणि तिच्याशिवाय सुरू करून पाहा. तरीही निर्जीव असेल, तर झाकण उघडताना दुसरं काही निसटलं आहे : बॅटरीचा कनेक्टर, रॅमची पट्टी किंवा पॉवरच्या बटणाची रिबन. कीबोर्डकडून उघडणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे हमखास होतं.

[दृश्य : बूट मेन्यू, यूएसबीची ओळ निवडलेली]

आता डिस्क दिसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही.

कोरी डिस्क असेल तर काम सरळ आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. तो लावून बूट मेन्यू उघडा. डेल, लेनोव्हो, एसरमध्ये एफ १२, एचपीमध्ये एफ ९, आसूसमध्ये एस्केप. बायोसमध्ये दिसणारी डिस्क विंडोजच्या सेटअपमध्ये दिसत नसेल, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडीवर (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) संशय घ्या. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, फोल्डर उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. आणि डिस्कवर एमबीआर टेबल (डिस्कच्या विभागांची, म्हणजे पार्टिशनची, जुन्या पद्धतीची यादी) आहे अशी तक्रार आली, तर शिफ्ट आणि एफ १० दाबा, डिस्कपार्ट ही डिस्कचे विभाग हाताळणारी कमांड चालवा, डिस्क निवडा, ‘क्लीन’ आणि मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’ (जीपीटी म्हणजे त्या यादीची नवी पद्धत). ‘क्लीन’ निवडलेली डिस्क विचारल्याशिवाय रिकामी करतं. म्हणून आधी ‘लिस्ट डिस्क’मधली क्षमता वाचून योग्य डिस्क निवडल्याची खात्री करा.

जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) केला असेल, तर इथे जरा थांबावं लागेल.

यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीत लॅपटॉप सी ड्राइव्ह शोधतच नाही. डिस्कवर साधारण १०० एमबीचं, फॅट ३२ पद्धतीचं, एरवी लपलेलं एक पार्टिशन असतं, त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. विंडोज बूट मॅनेजरची फाइल तिथे असते, आणि ती कोणत्या पार्टिशनवर आहे याची नोंद मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. नुसता सी ड्राइव्ह क्लोन केला, तर हे पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहतं. तुमचा सगळा डेटा नव्या डिस्कवर असतो, पण सुरुवात करून देणारी फाइल नसते. अशा वेळी पूर्ण डिस्कचा क्लोन पुन्हा करणं हेच शहाणपणाचं.

[दृश्य : कमांड प्रॉम्प्ट, ओळी एकेक करून उमटतात]

पार्टिशन आहे, पण त्यातली विंडोजच्या जागेची नोंद तुटली आहे, तर ‘झिरो एक्स सी झिरो झिरो झिरो झिरो झिरो झिरो ई’ असा कोड येतो. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून सुरू करा, शिफ्ट आणि एफ १० दाबा, डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ लिहा. १०० एमबीचं फॅट ३२ पार्टिशन शोधून निवडा, ‘असाइन लेटर इक्वल्स एस’ देऊन बाहेर पडा. मग कमांड : ‘बीसीडीबूट’, विंडोज फोल्डरचा पत्ता, ‘स्लॅश एस’ आणि एस ड्राइव्ह, ‘स्लॅश एफ यूईएफआय’. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर तुमचा सी ड्राइव्ह तिथे डी किंवा ई झालेला असू शकतो. आधी ‘डिर’ने विंडोज फोल्डर नेमका कुठे आहे ते पाहून घ्या.

विंडोजचा लोगो येऊन निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर बूट मॅनेजरने त्याचं काम केलं आहे. विंडोजला मात्र डिस्कशी बोलता येत नाहीये. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत : एएचसीआय किंवा रेड) पाहा. विंडोज रेड मोडवर टाकलं होतं आणि आता एएचसीआय आहे, किंवा उलट, तर असंच होतं. बायोसची सेटिंग्ज जपणारी मदरबोर्डवरची छोटी सेल संपलेली असेल, तर बॅटरी सोडवल्यावर सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि मोड कोणीही न बदलता बदलतो. आधीचा मोड परत निवडा. साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केला असेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर विंडोज नवा ड्रायव्हर उचलतं.

जुनी डिस्क एमबीआर असेल, तर तिचा क्लोनही एमबीआर होतो आणि त्याला लेगसी मोड (सुरू होण्याची जुनी बायोस पद्धत) लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो मोड नसतो, आणि एनव्हीएमईवरून लेगसी पद्धतीने बहुतेक लॅपटॉप सुरू होत नाहीत. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर टू जीपीटी नावाचं साधन सोबत येतं. ते डेटा न पुसता टेबल बदलतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असू नयेत, ही त्याची अट. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवा, मगच ‘कन्व्हर्ट’, आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय निवडा.

या सगळ्या बदलांत बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) जागा होऊ शकतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा ऑफिसच्या आयटी विभागाकडे असते. ती हाताशी असल्याशिवाय बायोसमध्ये काहीही बदलू नका, आणि लॅपटॉप काही आठवडे सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

[दृश्य : विंडोजचं सेटअप, प्रॉडक्ट कीचा रकाना रिकामा]

विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. ते डिस्कवर नसून मदरबोर्डशी बांधलेलं असतं. सेटअपने प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा, आणि पूर्वी होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रो अशी तीच आवृत्ती टाका. इंटरनेट जोडलं की विंडोज आपणहून अ‍ॅक्टिव्हेट होतं.