केरळ नव्हे, केरन

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेली पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगातला, अर्धा पुसलेला नंबर.]

आमच्या घरात एक ठाम समजूत होती. आजोबा केरळात होते.

पलटणीत होते, परत आले, भातशेती केली, म्हातारे होऊन गेले. लढाईबद्दल बोलायचेच नाहीत. फार झालं तर एक वाक्य : "केरनच्या डोंगरावर पाणी नव्हतं." काकांनी त्याचं केरळ केलं आणि ते तसंच चालू राहिलं. केरळात पाणी नाही म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आता हसू येतं.

[दृश्य: तळहातावर सहा टोकांचा तारा.]

आजी गेल्यावर ट्रंक उघडली. गोधडी, रेशनकार्ड, आणि रुमालात बांधलेला हा तारा. रिबन बघा. कडेला वाळूचा रंग, मधोमध लाल पट्टा, त्याच्या एका बाजूला गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला फिकी. वाळू म्हणजे वाळवंट, लाल म्हणजे लष्कर, निळ्या रेघा आरमाराच्या आणि हवाई दलाच्या. मधल्या वर्तुळावर कोरलंय, द आफ्रिका स्टार.

केरळ तिथंच संपलं. पण आफ्रिका म्हणजे नक्की कुठे? हा तारा इजिप्त, लिबियाच्या वाळवंटात लढलेल्यांना मिळाला, तसाच १९४०-४१ साली इरिट्रिया, अबिसिनिया (आजचा इथिओपिया), सोमालीलँडमध्ये लढलेल्यांनाही. ताऱ्यावरून गाव कळत नाही.

[दृश्य: टंकलिखित अर्ज. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.]

गाव कळलं ते आजीच्या अंगठ्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, पण पेन्शन न मिळालेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आजीनं तो अर्ज केला होता. त्याची नक्कल ट्रंकेच्या तळाशी निघाली. त्यात आजोबांचा लष्करी नंबर होता आणि पलटण होती : ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. पूर्वज शोधायला निघालेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो, तलवारी नंतर शोधा, आधी आजीचे अर्ज शोधा.

पलटण कळली, तरी वाट सरळ नव्हती. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावात. पण ही तिसरी पलटण आज मराठा रेजिमेंटमध्ये नाहीच. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आज तिला २ पॅरा म्हणतात. इंग्रजांच्या कागदांत 'मराठा' हा शब्द 'महरट्टा' असा लिहिलेला, 'एच' भलत्याच जागी आणि एक 'टी' जास्त. आजच्या स्पेलिंगनं शोधलं की हाती शून्य. जिल्ह्यांचंही तेच. रायगड टाकून काही सापडायचं नाही, १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. सिंधुदुर्ग तर तेव्हा रत्नागिरीतच होता.

[दृश्य: नकाशा. तांबडा समुद्र, मसावा बंदर, अस्मारा, केरन.]

हे केरन. इरिट्रिया १८९० पासून इटलीची वसाहत. फेब्रुवारी १९४१ मध्ये सुदानकडून आलेलं ब्रिटिश-हिंदी सैन्य इथं येऊन अडकलं. अस्माराला जाणारा रस्ता डोंगोलास नावाच्या घळीतून जातो. इटालियनांनी कडे सुरुंगांनी उडवून तो बुजवलेला, आणि दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांवर स्वतः बसलेले. वर चढायचं ते सुटे धोंडे आणि काटेरी झुडपं तुडवत, भर उन्हात, डोक्यावर तोफा. पाणी आणि दारूगोळा पाठीवरून न्यायचा, त्यासाठी पलटणींतलीच माणसं हमालीला लावावी लागत. म्हणजे आजोबांचं ते एक वाक्य शब्दशः खरं होतं.

१५ मार्चच्या रात्री तिसऱ्या मराठानं 'पिनॅकल' नावाचं टोक घेतलं. कर्नल डेनिस रीड त्यांचे कमांडर. ते टोक हाती आलं म्हणून शेजारचा डोलोगोरोडॉकचा किल्ला पहाटे पडला. पुढे २७ मार्चला केरन पडलं, १ एप्रिलला अस्मारा. ब्रिटिशांच्या बाजूचे ५३६ मेले, ३,२२९ जखमी झाले. समोरच्या बाजूला इटालियनांबरोबर इरिट्रियन अस्करीही होते, म्हणजे इटलीच्या सैन्यातले तिथलेच शिपाई. तेही शेतकऱ्यांचेच पोरगे, दुसऱ्याच्या राजासाठी आपल्याच डोंगरावर मरणारे. आजोबांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या असणार. त्या गप्प बसण्यात हेही होतं का, ते विचारायला आता कुणी नाही.

[दृश्य: केरनच्या युद्धस्मशानाचं जुनं छायाचित्र.]

आता शोधातली खरी गंमत, गंमत म्हणायचं तर. मेलेला माणूस सापडतो. परत आलेला सापडत नाही.

लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या आहेत, पण त्यांत नावं साहेबांची. शिपाई म्हणजे नुसता आकडा. याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. ज्याला ना मरण आलं ना पदकाचा मान, त्याचा माग ट्रंकेतच काढावा लागतो.

मेलेल्यांची मात्र यादी आहे. केरनच्या स्मशानात एक दहन-स्मारक आहे, रणांगणातच अग्नी दिलेल्या २८५ हिंदू आणि शीख सैनिकांचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे त्यांची नावं आहेत, आणि काहींच्या नावापुढे बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, तालुका.

आजोबा त्यात नसणार हे माहीत होतं. तरी एका रात्री बसून सगळी यादी वाचली. कारकुनानं कानाला येईल तसं लिहिलेलं. गावाचं नाव मोठ्यानं तीनदा म्हटल्यावर कुठे ओळखू येतं. असं म्हणता म्हणता एक नाव लागलं. आजोबांचीच पलटण, आणि गाव आमच्या वाडीपासून ओढ्यापलीकडचं.

[दृश्य: कच्चा रस्ता. बंद घर, अंगणात वाळलेली तुळस.]

छापील कागद घेऊन गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, सगळी मुंबईला असतात. त्या घरातला कोणी लढाईत गेलेला त्यांना ठाऊक होता का, विचारलं. "कोणी एक गेलेला परत आला नाही म्हणतात. साधू झाला असं ऐकलंय."

मी कागद दिला. बाईंनी तो दोनदा उलटून पाहिला, घडी घातली आणि देव्हाऱ्यामागे खोचला.

"गणपतीला येतील ती," म्हणाल्या. "तेव्हा देते."